चोखोबाची भिंत

पावसाळा सरून नाल्यांचं पाणी निवळलं, धान कापून घरी आलं, की आमच्या चिमूर तालुक्यात शिबिरांचे दिवस सुरू होतात. ग्रामपंचायतीसमोर कापडी फलक लागतो, जिल्हा परिषद शाळेतल्या दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या जातात, आणि महाविद्यालयाची पोरं-पोरी वळकट्या, ताटं-वाट्या घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरतात. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली ही योजना सुरू झाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी आयुष्यातलं पहिलं घमेलं अशाच शिबिरात उचललं आहे. पहाटे प्रार्थना, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. शेवटच्या दिवशी समारोप असतो. त्यात मुलं माईकवर येऊन बोलतात आणि बहुतेकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: इथं येऊन आम्ही नम्रता शिकलो.

मी शिक्षिका होते. शिबिरांची जबाबदारी घेऊन अनेक गावांत राहिले, आणि निवृत्तीनंतरही कुणी बोलावलं तर जाते. ते वाक्य मी पुष्कळदा ऐकलं आहे. मुलं खोटं बोलत नाहीत, त्यांचा गळा खरोखर दाटून आलेला असतो. तरी मला दरवेळी विचारावंसं वाटतं, नम्रता शिकलात म्हणजे नेमकं काय घडलं? माती उचलली म्हणून नम्रता आली? मग माती उचलणं हे खालचं काम आहे, असं मनात आधीच असलं पाहिजे. त्याशिवाय ते केल्यानं आपण खाली आलो असं वाटणारच नाही. वरून दोन पायऱ्या उतरायचं आणि आठव्या दिवशी पुन्हा वर जायचं, हे ठाऊक असताना उतरणं म्हणजे नम्रता असेल, तर जे जन्मभर त्या खालच्याच पायरीवर उभे आहेत त्यांनी काय शिकायचं?

माझी माय रेजा होती. गवंड्याच्या हाताखाली विटा, रेती, मसाला वाहून देणाऱ्या बाईला आमच्याकडे रेजा म्हणतात. फडक्याची चुंबळ करायची, तिच्यावर घमेलं, आणि शिडीनं वर. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीची कामं निघाली तेव्हा ती तिथंही गेली. चौकडी खणायची, कामावरचा मेट टेप लावून मोजणार, मस्टरवर अंगठा. डोक्यावर ओझं असलेल्या बाईची चाल तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? मान वाकवून ओझं पेलताच येत नाही. मान ताठ, नजर समोर, हलतं ते कमरेखालचं अंग. जरा वाकली की घमेलं खाली. माझी माय दिवसभर ताठ मानेनं काम करायची. संध्याकाळी घमेलं धुऊन, पालथं घालून, मजुरी घ्यायला ती मालकाच्या ओट्यापाशी उभी राहिली की तिची मान खाली जायची. ओझ्यानं ती कधी वाकली नाही, त्या ओट्यानं वाकवली. लहानपणी हे पाहिलं तेव्हा मला त्यातलं काही सांगता आलं नसतं. पण नम्रतेवर कुणी बोलू लागलं की आजही मला आधी तो ओटा दिसतो.

म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकातला नाही.

आपल्या संतपरंपरेत या प्रश्नाची एक गोष्ट आहे आणि ती बांधकामाचीच आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं. भिंत कोसळली आणि तिच्याखाली जे मजूर गाडले गेले त्यांत संत चोखामेळा, आपले चोखोबा होते. साल १३३८ सांगतात. ज्या कुसाच्या आत त्यांच्या जातीला घर बांधता येत नव्हतं, तेच कूस बांधताना त्यांचा जीव गेला. परंपरा पुढं सांगते की नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातली हाडं वेचली, आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखून पंढरपूरला आणली. देवळाच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. आणि त्याच दारात नामदेवांची पायरी आहे. आत जाणाऱ्या भक्तांच्या पायाची धूळ आपल्याला लागावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा.

पंढरपूरला गेले की मी त्या दोन जागांमध्ये थोडा वेळ थांबते. मागून गर्दीचा रेटा येतो, पोलीस पुढं सरका म्हणतो, तरी थांबते. दोघंही दाराबाहेर, दोघंही जमिनीला टेकलेले. पाहणाऱ्याला दोन्हींत एकच नम्रता दिसेल. पण नामदेव पायरीवर गेले ते आपल्या मनानं. चोखोबांना पायरीच्या वर पाऊल टाकायची मुभाच नव्हती. ती मुभा त्यांच्या माणसांना मिळायला सहाशे वर्षं लागली, १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. स्वतः होऊन खाली बसणं आणि खाली बसवलं जाणं या दोन गोष्टी धर्माच्या बोलण्यात एकमेकींत मिसळल्या गेल्या. लीनता मोठी, असं सगळ्यांना सारखंच सांगितलं गेलं. ज्यांच्याकडे सोडण्यासारखं काही होतं त्यांनी ते ऐकून थोडं सोडलं, आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी ते ऐकून आपलं वाकणं पुण्याचं मानलं. माझ्या मते आपल्या धर्मविचारातला हा फार मोठा दोष आहे, आणि तो संतांनी केलेला नाही. संतांचं नाव घेऊन इतरांनी केला.

बाबासाहेब आंबेडकरांना हे सगळ्यांत स्वच्छ दिसलं. जात ही कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, त्यांची खालीवर उतरंड आहे, असं त्यांनी १९३६ सालीच मांडलं. आणि तरीही १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला तेव्हा तो त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि लगेच १६ ऑक्टोबरला आमच्या चांद्याला. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणत असू. आमच्या भागातल्या गावागावांतून माणसं त्या दीक्षेला गेली होती. त्यांच्या मुला-नातवंडांपुढं नम्रतेवर प्रवचन करायला उभं राहणाऱ्यानं आधी थांबून विचार करावा. पिढ्यान् पिढ्या वाकलेली पाठ सरळ करणं हाच तिथं धर्म आहे.

मग शिबिरातल्या त्या मुलांनी जे शिकलो असं म्हटलं ते काय होतं? एका शिबिरातली सकाळ सांगते.

गावाजवळच्या नाल्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरायची, दाभणानं सुतळी घालून तोंड शिवायचं, आणि नाल्याला आडवे थर रचत जायचं. दिसायला सोपं काम. पोरांनी साखळी केली, पोती हातोहात पुढं जाऊ लागली, दोन थर होऊन तिसरा अर्ध्यावर आला. काठावर गावातली एक वयस्क बाई शेळ्या घेऊन उभी होती. हयातभर रेजाचं आणि रोजगार हमीचं काम केलेली. बराच वेळ तिनं पाहिलं आणि मग म्हणाली, "पोतं असं गच्च नका भरू जी. त्याच्या पोटात जागा ठेवा. नाहीतर ते बसत नाही." कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग ती चार पावलं खाली आली. "आणि सांध्यावर सांधा आला तुमचा. पाण्याले फट सापडली का सपलं."

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तोंडापर्यंत भरलेलं पोतं गोल होतं आणि दोन गोल पोत्यांच्या मधे मोकळी जागा राहते. दोन तृतीयांश भरलं तर ते पसरतं, शेजारच्याला चिकटतं. आणि वरच्या पोत्याचा मध्य खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यायला हवा, भिंतीत विटा येतात तसा. आमचा गटप्रमुख विज्ञान शाखेचा, हुशार आणि मनाचा चांगला मुलगा. त्यानं वजनाचं काही गणित सांगितलं, वरच्या थरांच्या दाबानं फटी आपोआप बुजतील म्हणाला, आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मावशींना विचार. या कामात त्या मोठ्या आहेत." तो गप्प झाला. त्यानं त्या अडीच थरांकडे पाहिलं. त्यांत सगळ्यांची अख्खी सकाळ गेली होती, तळहातांना फोड आले होते. मग तो खाली उतरला आणि वरचं पहिलं पोतं त्यानं स्वतः काढलं.

पुढचं सगळं त्या बाईच्या सांगण्यावरून झालं. तिनं लुगडं खोचलं, नाल्यात उतरली, प्रत्येक पोतं ठेवलं की त्यावर उभी राहून पायानं तुडवून सपाट करायची. दोन थरांच्या मधे काठावरची चिकणमाती दाबून बसवायला लावली. शिवलेलं तोंड कुठल्या अंगाला ठेवायचं, कडेची पोती काठाच्या मातीत किती आत घुसवायची, ती बोलायची कमी, हातानंच दाखवायची. पोरं "हो मावशी, हो मावशी" करत तिच्या मागं. दुसऱ्या दिवशी पाणी अडलं.

त्या मुलानं सकाळपासून जी पोती उचलली त्यांत ताकद होती, उत्साह होता, चांगुलपणाही होता. पण माझ्या दृष्टीनं त्या दिवशी नम्रता घडली ती पहिलं पोतं काढताना. ज्याला आपण मदत करायला आलो तोच आपल्यापेक्षा जाणता आहे हे नुसतं कळून भागत नाही. त्याच्या शब्दावर आपली मेहनत मोडावी लागते. अंगमेहनतीनं शरीर थकतं, अहंकार थकेलच असं नाही. उलट पुष्कळदा तो जास्त तरतरीत होतो, कारण आता त्याच्याकडे दाखवायला फोड असतात. अहंकाराला खरा धक्का बसतो तो दुसऱ्याच्या जाणतेपणापुढं. आणि त्याच वेळी काठावर शेळ्या घेऊन उभी असलेली बाई नाल्यात उतरून हुकूम सोडू लागते, तिचा आवाज मोठा होतो. या दोन्ही गोष्टी एकदम घडल्या तरच मी त्याला श्रमसंस्कार म्हणेन. नुसती पहिली घडली तर फायदा शहाण्याचाच झाला.

हे आमच्या जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर एकदा घडून गेलं आहे. चिमूरहून वरोरा जवळच. बाबा आमटे तिथं वकिली करत होते, घरचे जमीनदार, नगरपालिकेचे उपाध्यक्ष. सफाई कामगारांच्या प्रश्नावर बोलताना ते काम स्वतः करायची वेळ आली आणि त्यांनी डोक्यावरून मैला वाहिला. ही नामदेवांची वाट, आपण होऊन उतरण्याची. पण तेवढ्यावर त्यांचं भागलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मैला वाहणाऱ्या त्या निर्भय माणसाला एका पावसाच्या दिवशी रस्त्याकडेला कुष्ठरोगानं झडलेला तुळशीराम दिसला, आणि ते घाबरले. अंगावर हीन मानलेलं काम घेऊनही भीती तशीच राहिली होती. त्या भीतीतून कुष्ठरुग्णांसाठीचं आनंदवन निघालं. १९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते ते सुरू झालं तेव्हा तिथं खडकाळ जमीन होती, आमटे दांपत्य आणि मूठभर रुग्ण होते. विहीर खणली ती त्याच रुग्णांना बरोबर घेऊन.

पुढं पन्नासच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे स्वयंसेवक आनंदवनात राहायला आले आणि त्यांनी पक्क्या इमारती उभ्या केल्या. या संस्थेची सुरुवात पिएर सेरेसोल या स्विस माणसानं १९२० मध्ये केली होती. तो इंजिनिअर, त्याचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष झालेले, आणि हा सैन्यकर भरायला नकार देऊन तुरुंगात जाणारा. पहिल्या महायुद्धात व्हर्दूंच्या रणभूमीजवळचं एक फ्रेंच गाव जमीनदोस्त झालं होतं, ते पुन्हा बांधायला त्यानं माणसं नेली आणि त्यांत कालच्या शत्रुदेशातले, म्हणजे जर्मनही होते. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारमध्येही आला, मुजफ्फरपूर भागात घरं बांधण्यासाठी राबला. त्याच्या संस्थेची माणसं आनंदवनात आली, रुग्णांनी पिकवलेलं जेवली, त्यांच्याबरोबर विटा वाहिल्या. वरोऱ्याच्या लोकांनी ते पाहिलं. तोवर आनंदवनातल्या भाजीला गावात गिऱ्हाईक नव्हतं. मला वाटतं त्या परदेशी माणसांनी जे बांधलं त्यापेक्षा, ते जे जेवले त्याचं काम मोठं झालं.

पण आनंदवनाची माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट याच्याही पुढची आहे. १९६४ मध्ये तिथं आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झालं. ज्यांना गावानं बाहेर काढलं होतं त्यांच्या हातांनी ते उभं राहिलं, आणि शिकायला आली ती गावातली धडधाकट पोरं. देणारा आणि घेणारा यांनी जागा बदलल्या. आमच्या भागातले किती शिक्षक, कृषी सहायक, कारकून त्या भिंतींच्या आत शिकून निघाले! त्यांच्यापैकी प्रत्येकावर बोटं झडलेल्या हातांचं ऋण आहे. चोखोबांच्या भिंतीनं चोखोबांना बाहेर ठेवलं होतं. ही भिंत बांधणाऱ्यांनी बाहेरच्यांना आत घेतलं.

१९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प उभा राहिला आणि तिथं मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली. तरुणपणी मी त्या छावणीला गेले होते. विदर्भातला मे, त्यामुळं श्रमदान भल्या पहाटे. बांध घालायचं काम होतं. आमच्या तुकडीला शिकवायला एक बरे झालेले कुष्ठरोगी बाबा होते, दोन्ही हातांची बोटं जवळजवळ गेलेली. ते फावड्याचा दांडा तळहात आणि मनगट यांच्या बेचक्यात अडकवायचे आणि जोर खांद्यातून द्यायचे. फावडं मातीत जायचं ते आवाज न करता, आणि माती पडायची ती हव्या त्याच जागी. आम्ही दहाही बोटांनी दांडा आवळून मनगटानं मारत होतो, म्हणून तासाभरात सोलवटलो. त्यांनी आम्हाला मूठ सैल करायला लावली. "धरू नका, नुसतं टेकवा," म्हणाले. खांद्यातून फावडं मारायला मी त्यांच्याकडून शिकले, आणि अजून परसात काम करताना तसंच मारते. मी रेजाची लेक. मातीकाम मला नवीन नव्हतं, त्यामुळं माती उचलून मला काही वेगळं वाटण्याचा प्रश्न नव्हता. पण त्या हातांना मी गुरुस्थानी पाहिलं तेव्हा माझ्यातही काहीतरी खाली बसलं, हे खरं. त्याला मी नम्रता म्हणते, आणि त्यात मला कमीपणा वाटला नाही.

याच विषयावर परदेशातून आलेला एक कठोर आवाज मला माहीत आहे. इव्हान इलिच हा कॅथलिक धर्मगुरू. १९६८ मध्ये मेक्सिकोत, गरिबांची सेवा करायला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढं तो बोलला. तुमचे हेतू चांगले आहेत म्हणून तुम्ही निरुपद्रवी ठरत नाही, असा त्याचा रोख होता. पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, असं त्यानं त्यांना तोंडावर सांगितलं. मिशनच्या सहलींवर जाऊन भिंती बांधणाऱ्या तरुणांबद्दल आजही जगभर वाद होतो तेव्हा त्याचं ते भाषण निघतंच. त्यातला बराच भाग मला पटतो. ज्या गावात गवंडी रिकामे बसले आहेत तिथं पैसे खर्चून अडाणी हात न्यायचे आणि वाकडी भिंत बांधून यायची, यात गावाचं काही भलं नाही.

तरी इलिचचं "येऊ नका" मला आमच्या मुलांना सांगवत नाही. त्याच्यासमोरचे विद्यार्थी दुसऱ्या देशातून आले होते, त्यांना घरी परत जा म्हणता येत होतं. आमच्याकडे अंतर देशांचं नाही. एकाच गावात वरची आळी आणि खालची वस्ती, मधे एक रस्ता, आणि तो रस्ता ओलांडून कधी कुणाच्या घरी पाणी न प्यालेली माणसं आहेत. इथं न जाणं म्हणजे ती भिंत जिथं आहे तिथं ठेवणं. जायलाच हवं. कशासाठी जायचं आणि गेल्यावर कुणाचं ऐकायचं, एवढं मात्र बदलायला हवं.

आणि घ्यायला शिकायला हवं. श्रम देणं मुलांना सोपं जातं. एखाद्या घरानं बोलावलं, पितळी पुढं केली, तिच्यात भात आणि लाखोळीची डाळ, वर जवसाची चटणी, आणि घरात तेवढंच आहे हे दिसतंय, तेव्हा मुलं कासावीस होतात. त्यांच्या गरिबीतून कसं घ्यायचं, असं वाटतं. मी सांगते, पोटभर जेवा, मागून घ्या. वारीत एक माणूस दुसऱ्याच्या पायाला हात लावतो तेव्हा तो दुसराही तेवढ्याच घाईनं खाली वाकतो. नुसतं पाया पडून घेणारा तिथं कुणी राहत नाही. श्रमदानातही वाकणं दोन्हीकडून हवं, आणि गावाला वाकायला मिळतं ते जेवू घालतानाच.

चिमूरच्या मातीला हे नवीन नाही. तुकडोजी महाराज कोवळ्या वयात या जंगलात हिंडले, गोंदेड्याच्या गुंफेत त्यांनी तप केलं, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये चले जाव चळवळीत चिमूर पेटलं तेव्हा त्यांच्या भजनांनी भारलेली माणसं रस्त्यावर होती. जंगलात तप केलेल्या त्या माणसानं पुढं ग्रामगीतेचे ४१ अध्याय लिहिले ते गावासाठी, सफाई, रस्ते, श्रम यांच्यासाठी. तपाची जागा त्यांनी गुंफेतून गावात आणली. आमच्या गावांत अजून संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. त्यात सगळे एकाच सतरंजीवर, एका ओळीत बसतात. शिबिरातली मुलंही त्याच ओळीत बसतात, आणि दिवसभरात जेव्हा कुणी कुणाला शिकवत नाही अशी तेवढी एक वेळ असते.

आता मी ज्या शिबिराला जाते तिथं दोन-तीन गोष्टींचा आग्रह धरते. काम कोणतं करायचं ते आधी गावातल्या बायांना विचारा. गवंडी लावला तर त्याला त्याची पूर्ण मजुरी द्या. श्रमदान पोरांचं आहे, गवंड्याचं ते पोट आहे. आणि समारोपाला ज्यांनी शिकवलं त्यांना मंचावर खुर्ची द्या.

गेल्या काही वर्षांत आणखी एक गोष्ट झाली आहे, जिच्याविषयी नम्रतेच्या भाषणात कधीच काही नसतं. शिबिरात येणारी निम्मी मुलं आता मजुरांचीच असतात. एका शिबिरात एक मुलगी पहिल्याच सकाळी मला म्हणाली, "मॅडम, हे तर मी रोवणीच्या दिवसांत रोजच करते. यात नवीन काय?" मी तिला त्या कामाची प्रमुख केलं. तिनं वर्गातल्या मुलींना चुंबळ करायला शिकवलं, मुलांना पोती किती भरायची ते दाखवलं, आणि जो टंगळमंगळ करायचा त्याला सरळ ओरडली. समारोपाला ती माईकवर आली. नम्रता वगैरे काही म्हणाली नाही. पोती किती लागली, रेती कुठून आणली, बंधारा किती लांब झाला, कडेची माती कुठं कच्ची आहे आणि पुढच्या वर्षी काय करायला हवं, एवढं तिनं सांगितलं. सरपंच खूश झाले. म्हणाले, "बेटा, खालच्या नाल्यावर पण एक घालायचा आहे. सुट्टीत येशील का, आमच्या माणसांना दाखवायला?"

"येतो ना जी," ती म्हणाली. "मजुरी किती देता?"

सरपंच तिथंच ग्रामसेवकाकडे वळले आणि हे काम रोजगार हमीत बसवता येईल का ते विचारू लागले.